पाळतीची वही

मंगळवारच्या मंडळात त्याला सगळे स्वल्पविराम म्हणायचे. एका दैनिकात तो मुद्रितशोधक होता, हे एक कारण. दुसरं म्हणजे कुठल्याही प्रश्नावर बोलण्याआधी तो इतका वेळ थांबायचा, की समोरच्याला वाटायचं याचं बोलून झालं.

मंडळ अकरा वर्षं चालू होतं. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर वकीलसाहेबांची एक खोली होती. वकीलसाहेब निवृत्त झाले, अशिलं गेली, खुर्च्या राहिल्या. त्या खुर्च्यांवर दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला चौघं बसायची: वकीलसाहेब, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे केमिस्ट म्हणत, आणि स्वल्पविराम. जगाचं काहीतरी चुकतंय यावर चौघांचं एकमत होतं. ते कोणत्या शब्दांत मांडायचं यावर नव्हतं. कामगारांच्या हक्कांविषयी त्यांनी एक जाहीर निवेदन लिहायला घेतलं होतं, त्याला सात महिने झाले होते. दुसऱ्या परिच्छेदात ‘शोषण’ म्हणायचं की ‘पिळवणूक’, इथे गाडी अडली होती.

स्वल्पविराम थोरल्या भावाकडे राहायचा. लग्न झालं नव्हतं, आणि आता कुणी विचारतही नव्हतं. मंगळवारी तो चपला घालू लागला की वहिनी आतून हाक मारायची, “भावजी, क्रांती लवकर आटोपली तर येताना दूध आणा.” तो दूध आणायचा. क्रांती लवकरच आटोपायची.

एका मंगळवारी दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. वकीलसाहेबांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात एक पत्र लिहिलं होतं, खाली मंडळाचा पत्ता दिला होता. कात्रण तेच होतं.

“तुम्ही कामगारांचं काम करता ना?” तिने विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. “त्या विषयावर आमचं चिंतन चालू असतं,” वकीलसाहेब म्हणाले. “बसा ताई.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. “मी गणवेशाच्या कारखान्यात आहे. कॉलर लावते. आमच्या मजल्यावर दोनशे दहा बायका आहेत. एक दार पुढे, एक मागे. कापड चोरीला जातं म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालतात. शिफ्ट सुटायच्या आधी काढतात. आत जाताना आमचे मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे फोटो नाही. आमच्यातल्या कुणी तक्रारीवर सही केली तर दुसऱ्या दिवशी तिचं मशीन दुसरीला. म्हणून बाहेरची माणसं पाहिजेत, चार-पाच. दुपारी मागच्या गल्लीत यायचं, कुलूप डोळ्यांनी बघायचं आणि कारखाना निरीक्षकाकडच्या अर्जावर नाव-पत्ता घालून सही करायची. एवढंच.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “विषय फार महत्त्वाचा आहे. आपण याचा अभ्यास करू.”

“अभ्यास कशाचा?” ती म्हणाली. “कुलूप आहे.”

तिने पिशवीतून कागद काढला. वर अर्ज टाइप केलेला होता, खाली रिकाम्या ओळी. मग खोलीत जे झालं ते बघण्यासारखं होतं. केमिस्टला दुकानाचा परवाना आठवला. बाईंना शाळेचे नियम आठवले. वकीलसाहेब म्हणाले, सल्ला देणारा माणूस अर्जाच्या बाहेर राहिलेलाच बरा. ती स्वल्पविरामाकडे वळली.

“मी,” तो म्हणाला आणि थांबला, “विचार करून सांगतो.”

तिने कागदाची घडी घातली. “पुढच्या मंगळवारी येते,” म्हणाली आणि जिना उतरली.

“हिला आपला पत्ता कुणी दिला?” केमिस्टने विचारलं.

“पत्रात छापला होता,” बाई म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी. छापलेला पत्ता बघून कुणी येतं का?”

कुणी आलं नव्हतं हे खरं होतं. अकरा वर्षांत एकही नाही.

“बोलणं ऐकलंत?” केमिस्ट पुढे म्हणाला. “पढवून पाठवल्यासारखं. आणि पायातले बूट बघितलेत? कॉलर लावणाऱ्या बाईला एवढे चांगले बूट परवडतात?”

“नाव-पत्ता आणि सही,” वकीलसाहेब हळूच म्हणाले. “आपल्या चौघांची यादी कुणाला हवी असेल तर ती अशीच मागेल.”

स्वल्पविरामाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आणि खरं सांगायचं तर ती चुकचुकल्यावर त्याला जरा हायसंच वाटलं. आठवडाभरात ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, तो प्रश्नच संशयास्पद निघाला होता.

त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. वकीलसाहेबांना नगरपालिकेचं पत्र आलं की सदर खोलीचा वापर कशासाठी होतो ते कळवावं. आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा असलेला बाईंना दोनदा दिसला. एरवी तसलं पत्र दर दोन वर्षांनी यायचं आणि झेरॉक्सच्या दुकानापाशी कुणी ना कुणी टेकलेलं असायचंच. पण आता प्रत्येक गोष्टीला दुसरा अर्थ फुटू लागला. स्वल्पविराम रस्त्याने चालताना दुकानांच्या काचांतून मागे बघू लागला. घरी फोन वाजला की वहिनीच्या आधी उचलू लागला.

“भावजी, कुणाचा फोन येणार आहे?” वहिनीने डोळे बारीक करून विचारलं. “असेल तर सांगा बाई, मी आनंदाने नाचेन.”

“कुणाचा नाही.”

“मग दचकता कशाला?”

पुढच्या मंगळवारी ती आलीच नाही. यायला हवी होती, तरी आली नाही, हेही खटकलं. तेव्हा स्वल्पविराम अजिबात न थांबता म्हणाला, “ती कुठे जाते, कुणाला भेटते, ते मी बघतो.”

बाईंनी चमकून वर पाहिलं. “तुम्ही?”

“माझं काम चारला सुटतं. त्यांची शिफ्ट साडेपाचला.”

वकीलसाहेबांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंडळाने कुणाला काहीतरी करायला घराबाहेर पाठवण्याची ही पहिलीच वेळ होती.

या कामात तो तरबेज निघाला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळीतला सुटलेला अनुस्वार शोधणारी नजर होती ती. त्याने खिशात मावेल अशी वही घेतली. पहिल्या दिवशी तो कारखान्याच्या पुढच्या फाटकासमोर, बसथांब्यावर उभा राहिला. बायका बाहेर पडल्या, एकेकीची पिशवी तपासली गेली, ती सर्वांत शेवटी निघाली. तो वीस पावलं मागे. ती पोलीस चौकीपाशी आली, पुढच्या दाराने नाही, बाजूच्या फाटकाने आत गेली. बावीस मिनिटांनी बाहेर आली. त्याने गुडघ्यावर वही ठेवून सगळं वेळेसकट लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी तो लवकर पोचला. माग काढणाऱ्यांना चुकवायला ती कदाचित मागच्या बाजूने निघत असेल, असं त्याला वाटलं, म्हणून तो मागच्या गल्लीत शिरला. तिथे चिंध्यांचा ढीग होता, एक गळका नळ होता आणि एक लोखंडी दार. त्याने लिहिलं: ‘४.४५. मागच्या दाराला बाहेरून साखळी व कुलूप. इथून बाहेर पडणे अशक्य. पुढच्या फाटकावरच थांबावे.’ आणि तो पुढच्या फाटकावर जाऊन थांबला. त्या दिवशी ती सरळ घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ती एका हॉटेलात शिरली. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आधीच बसला होता. चहा आला, दोघांनीही घेतला नाही. तिने पिशवीतून पाकीट काढून त्याच्यासमोर सरकवलं. त्याने ते न उघडता खिशात टाकलं.

मंगळवारी स्वल्पविरामाने वही वाचून दाखवली. अकरा वर्षांत त्याचं बोलणं इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं.

“पाणी मुरतंय,” केमिस्ट म्हणाला. “मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ती आत आली आणि चौघांनी एकदम मान खाली घातली. ती बसली नाही.

“गेल्या आठवड्यात येता आलं नाही,” ती म्हणाली. “ओव्हरटाइम लावला होता. सह्यांचं काय ठरलं?”

“आम्ही,” वकीलसाहेबांनी घसा साफ केला, “या टप्प्यावर तटस्थ राहायचं ठरवलंय.”

तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या वहीकडे. वही बंद होती, पण स्वल्पविरामाने घाईने तिच्यावर हात ठेवला, आणि ते तिने पाहिलं.

“मी कोण वाटते तुम्हाला?” तिने विचारलं.

वकीलसाहेब पुन्हा चष्मा पुसू लागले. ती गेली. मग केमिस्टने जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि चौघं पुन्हा दुसऱ्या परिच्छेदाकडे वळली.

त्यानंतर सोळा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, गणवेशाच्या कारखान्यात पुढच्या दाराजवळच्या विजेच्या बोर्डातून धूर निघाला. आग अशी लागलीच नाही. पण धूर मजल्यावर भरला आणि बायका मागच्या दाराकडे धावल्या. कुलूप तुटेपर्यंत नऊ मिनिटं गेली. दोनशे बायकांचा भार दारावर. काज करणाऱ्या एका बाईचा हात दार आणि माणसं यांच्यात सापडला, मनगटापासून चुरडला गेला. एकीच्या दोन बरगड्या मोडल्या. तीसेक जणींना दवाखान्यात न्यावं लागलं.

दुपारी तीन वाजता स्थानिक पानाचं प्रूफ स्वल्पविरामाच्या टेबलावर आलं. मधल्या रकान्यात बातमी होती. शेवटच्या ओळी अशा होत्या: ‘मागील दार नेहमीप्रमाणे उघडेच होते. घाबरल्यामुळे कामगारांना ते उघडता आले नाही, असे व्यवस्थापनाने स्पष्ट केले.’

त्याने पेन उचललं. वाक्यात एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. त्याने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. शिपाई दोनदा येऊन गेला. मग त्याने कोपऱ्यात सही करून पान सोडलं, कारण मुद्रितशोधकाला मजकूर बदलता येत नाही. आणि मोरीत जाऊन नळ सोडून तोंड धुतलं. वही खिशात होती. त्याला ती काढून बघायची गरज नव्हती. पावणेपाच, साखळी, कुलूप.

त्याने वकीलसाहेबांना फोन केला.

“तुम्ही पाहिलंय हे आणखी कुणाला ठाऊक आहे?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“तुम्हाला तिघांना.”

“मग घाई करू नका. ती बाई कोण हे अजून आपल्याला कळलेलं नाही. कदाचित तुम्हीच तिथे जावं अशीच कुणाची योजना असेल.”

फोन ठेवल्यावर स्वल्पविरामाला एक क्षण तेही पटलं. इतकं पटलं की तो खुर्चीवर बसला. मग तो उठला, कारण बसल्यावर त्याला चुरडलेलं मनगट दिसू लागलं.

ती दवाखान्याच्या बाहेर, पायरीवर बसलेली सापडली. चेहऱ्यावर काजळी तशीच. त्याने काही न बोलता वही तिच्या हातात दिली. तिने पहिल्या पानापासून वाचली. सावकाश, ओठ हलवत. त्याला वाटलं होतं ती फक्त कुलपाचं पान वाचेल. ती सगळं वाचत होती.

“बावीस मिनिटं,” ती शेवटी म्हणाली. “चौकीत बाकावर बसवून ठेवलं होतं मला. तक्रार लिहून घ्या म्हणायला गेले होते. बाजूच्या फाटकाने जा म्हणाले, पुढून साहेब जातात.” तिने पान उलटलं. “हे पण लिहिलंत? बुटांचं?”

त्याने तिच्या बुटांवरून नजर काढली.

“बहिणीचे आहेत. ती दवाखान्यात आया आहे, त्यांना मिळतात.”

“आणि तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस?”

विचारल्यावर त्याने जीभ चावली. तिने वही मिटली.

“तो कोण, ते मी सांगणार नाही. तुम्ही कोण, हे मला अजून कळलेलं नाही साहेब.” पहिल्या दिवशी ती भाऊ म्हणाली नव्हती, पण साहेबही म्हणाली नव्हती. “तुमच्याकडे येऊन गेले, आणि चौथ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावून विचारलं, बाहेर कुणाकुणाच्या सह्या मागतेस? तुमच्या खोलीत चौघं होतात. मी विचार करकरून दमले, कोण असेल. आता तुम्ही ही वही घेऊन आलात.”

“मी नाही सांगितलं.”

“असेल. पण तुमच्या मागे फिरायला माझ्याकडे वेळ नव्हता.”

त्याला राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही एकदमच राहिलं. “या पानावर मी सही करून देतो,” तो म्हणाला. “नाव-पत्ता घालून.”

“एक पान चालणार नाही. फाडलेलं पान म्हणतील खोटं. सगळी वही द्यावी लागेल.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “जमेल?”

तो थांबला. सवयीने थांबला. मग म्हणाला, “जमेल.”

निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी सुरू झाली ती बुधवारी सकाळी. लांबट खोली, भिंतीला बाकं, बाकांवर कारखान्यातल्या वीस-बावीस बायका. टेबलावर कारखान्यातून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या: तुटकी साखळी, कुलूप, प्रथमोपचाराची पेटी. पेटीच्या झाकणावर केमिस्टच्या दुकानाचा शिक्का होता. स्वल्पविराम त्या शिक्क्याकडे बघत राहिला. शहरातल्या निम्म्या पेट्यांवर तो शिक्का असेल. नसेलही.

मालकाच्या वकिलाने वही उघडली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतली. बसथांबा. वीस पावलं. बूट. पोलीस चौकी. बाकावरच्या बायकांचे चेहरे एकेक करून त्याच्याकडे वळले. त्याच्या शेजारी बसलेली बाई उठून पलीकडच्या बाकावर गेली.

“म्हणजे तुम्ही या बाईवर पाळत ठेवत होतात,” वकील म्हणाला.

“हो.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“मीच म्हटलं होतं. आमच्या मंडळात.”

“कसलं मंडळ?”

“विचारांचं,” तो म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याचे कान तापले, पण तो पुढे बोलला. “ती कामगारांच्या बाजूची नाही असा मला संशय होता. मी कुलूप शोधायला गेलोच नव्हतो. कुलूप आहे की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. म्हणून तर ते खोटं लिहायचं मला काही कारण नाही.”

निरीक्षकाने मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने काहीतरी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

निकाल यायला दोन महिने लागले. मागच्या दाराला कुलूप होतं असं ठरलं. दार काढून तिथे आतून ढकललं की उघडणारं दार बसवायचा हुकूम झाला, मॅनेजरवर खटला भरला. हात चुरडलेल्या बाईला एका हाताने करता येईल असं काम मिळालं. तिची बोटं पूर्ण मिटत नाहीत ती नाहीतच.

मंडळात मात्र स्वल्पविरामाला बोलावणं येईना. जबाबात खोलीचा पत्ता आला म्हणून वकीलसाहेब दुखावले होते. केमिस्टला त्याने रस्त्यात एकदा सरळ विचारलं, “कारखान्याला माल तुम्हीच देता ना?” केमिस्टने उलट विचारलं, “आता माझ्यावर पण वही का?” आणि तो चालू लागला. कारखान्यात कुणी सांगितलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भूगोलाच्या बाईंचा मात्र एके दिवशी घरी फोन आला. वहिनीने उचलला, दोन्ही भुवया वर करून त्याच्याकडे दिला. कारखान्यातल्या बायका संघटना काढतायत, त्यांना बसायला जागा नाही, बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांना न विचारता मी सातवीच्या वर्गाची किल्ली दिली आहे. मला एकटीला धडधडतंय. तुम्ही याल का?

तो गेला. वर्गाच्या दारात पाऊल टाकताच आतलं बोलणं तुटलं. चाळीस जणी होत्या. सातवीच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेल्या. कॉलर लावणारी फळ्यापाशी उभी होती. ती म्हणाली, “बसा.” तो मागच्या बाकावर बसला. मग कुणीतरी पंख्यांबद्दल बोललं, कुणी बसच्या वेळांबद्दल. दहा मिनिटं असंच गेलं. त्याच्या लक्षात आलं, जे बोलायला या सगळ्या जमल्या आहेत, ते त्याच्या देखत कुणी बोलणार नाही. आणि यात त्यांची चूक काढावी असं त्याला काही सापडेना.

तो उठला. “पत्रक लिहिलंत तर शुद्धलेखन बघून देईन,” एवढं म्हणाला.

भूगोलाच्या बाईंनी डोळ्यांनी त्याची क्षमा मागितली. बाईंना त्या बायका तिथे बसू देत होत्या, कारण किल्ली बाईंची होती.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गेला. पंधरा मिनिटं बसला, बाकं लावायला मदत केली आणि उठला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. एकदा त्याच्या हातात तीन ओळींचा एक कागद दिला गेला, जो कुणालाही दाखवला तरी बिघडलं नसतं. त्याने तो नीट करून परत दिला. त्याला ठाऊक होतं की ही त्याची परीक्षा आहे आणि ती किती दिवस चालेल हे त्याला विचारायचं नाही.

सहाव्या मंगळवारी तो निघाला तेव्हा कॉलर लावणारी दारापर्यंत आली.

“पुढच्या वेळी साडेसातला या,” ती म्हणाली. “आधी नका येऊ, आमचं बोलणं चालू असतं.”

“बरं.”

तिने दाराला आतून कडी घातली नाही, नुसतंच लोटलं. जिना उतरताना वर बोलणं सुरू झालेलं त्याला ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. तो कळून घ्यायला थांबला नाही.